घटपर्णी : गॅलरीतील आगळी पाहुणी

डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत स्थिरावलेल्या आपल्या अनेक मराठी घरांना अंगण लाभले नाही. तरी गॅलरीतील तुळस आणि मोगरा आपण निष्ठेने जपला आहे. त्याच पंक्तीत घटपर्णी ही कीटकभक्षक वेल बसविता येईल काय, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

घटपर्णीचा घट म्हणजे फूल नव्हे. पानाचे टोक तंतूसारखे लांबते व त्याच्या शेवटी हा कलश तयार होतो. काठावरील मधुरसाला भुललेला कीटक निसरड्या कडेवरून आत घसरतो आणि तेथील पाचक रसात विरून जातो. वरचे झाकण शिकारीसाठी मिटते, हा समज मात्र खरा नाही. निकृष्ट जमिनीत नत्र मिळत नाही, म्हणून या वनस्पतीने ही युक्ती साधली आहे. आपल्या साताऱ्याजवळील कासच्या पठारावरही दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षक वनस्पती पावसाळ्यात आढळतात.

तिच्या संगोपनाचे सूत्र यातच आहे. मायेपोटी घातलेले शेणखतही तिच्या मुळांना बाधते. टांगत्या कुंडीत नारळाच्या सोडणाचे तुकडे व स्फॅग्नम शेवाळ भरावे. सकाळचे कोवळे ऊन द्यावे, दुपारचे टाळावे. कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार तिला सोसत नाहीत. पावसाचे पाणी उत्तम. ते साठविलेले पिंप मात्र घट्ट झाकावे, नाहीतर डासांची पैदास व्हायची! हवा कोरडी झाली की पानांवर पाणी शिंपडावे. घटात मांसाचे तुकडे टाकू नयेत. ते कुजतात व घटही कुजवितात.

आता महत्त्वाची गोष्ट. भारतात घटपर्णीची एकच जात निसर्गतः वाढते; ती मेघालयाच्या डोंगरांत. गारो लोक तिला ‘मेमांग-कोक्सी’ म्हणतात. जंगलतोड, कोळशाच्या खाणी आणि हौशी लोकांसाठी होणारी चोरटी तोड यांमुळे ती संकटात सापडली असून कायद्याने तिला संरक्षण दिले आहे. म्हणून रोपवाटिकेत वाढविलेली संकरित रोपेच घ्यावीत आणि रोप कोठून आले, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. मुळासकट उपटले जाणे काय असते, हे गाव सोडून आलेल्या आपल्या वाडवडिलांनी अनुभवले होते. एका कुंडीच्या शोभेसाठी डोंगर उजाड होऊ नये, एवढीच आमची वाचकांस विनंती.