सीताअशोकाच्या रोपांची शीतसहिष्णुता कशी तपासावी?

कर्जत-खालापूरचा प्रदेश शास्त्रोक्त परिभाषेत आनूप देशच होय. पाऊस तीन हजार मिलिमीटरहून अधिक, आणि हिवाळ्यात पाणी गोठण्याइतकी थंडी नाही. येथील रोपवाटिकांत वाढलेली सीताअशोकाची रोपे घाटावर नेऊन लावण्याचा विचार काही औषधीनिर्माते करतात, तो स्वागतार्ह आहे. अशोकारिष्टासाठी सालीची मागणी मोठी, वन्य वृक्ष विरळ, आणि ‘खोट्या अशोका’च्या सालीची भेसळ तर आपणा सर्वांच्या परिचयाची. परंतु निफाडसारख्या ठिकाणी कडाक्याच्या थंडीत पारा ५ अंशांखाली उतरतो. तेथे ही रोपे तग धरतील काय, याचा अंदाज लागवडीपूर्वी घेता येतो.

सदाहरित वृक्षास पाने टाकून थंडी निभावता येत नाही; थंड रात्रीनंतरचे ऊन त्याच पानांवर पडते. उष्ण प्रदेशातील वनस्पतींना बर्फ न होताही, साधारणतः १२ अंशांखालीच इजा पोहोचू शकते. पेशीपटल ताठरते, आतील क्षार बाहेर झिरपतात. हा झिरपा मोजणे हीच परीक्षा.

पक्व पानांच्या समान चकत्या कापून ऊर्ध्वपातित जलाने धुवाव्यात. काही चकत्या ४ अंशांवर, काही ८ अंशांवर दोन दिवस ओलसर ठेवाव्यात; काही तुलनेसाठी खोलीत. नंतर त्या समप्रमाण ऊर्ध्वपातित जलात एक दिवस ठेवून जलाची विद्युत्‌वाहकता मोजावी. औषधालयात शुद्धजल तपासण्यासाठी असलेला वाहकतामापक यास पुरतो. मग चकत्यांसह ते जल उकळून, थंड करून पुन्हा मोजावे. पहिल्या मापास दुसऱ्याने भागून शंभराने गुणले की झिरप्याची टक्केवारी मिळते. खोलीतील चकत्यांपेक्षा ती बरीच अधिक आली, तर ती थंडी त्या पानास सोसत नाही असे समजावे. शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात पाने टाकून निष्कर्ष काढण्याची घाई मात्र निरर्थक. तेथील उणे १८ अंशांत निफाडचे काहीच कळत नाही.

चकत्या जानेवारीत घ्याव्यात. पावसाळ्यातील पान थंडीस सरावलेले नसते. अशोकाची लोंबती तांबूस पालवी स्वतंत्रपणे तपासावी, कारण कोवळे पान अधिक नाजूक. मुळांविषयी ही परीक्षा काही सांगत नाही. म्हणून चार-पाच कुंड्या नियोजित जागी एक हिवाळा ठेवाव्यात, त्याही शेताच्या सखल कोपऱ्यात, जेथे रात्री थंड हवा साचते.