रंध्यावरची नावं

इंग्लंडमध्ये जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या पिढीजात कारखान्यात मोल्डिंगचा रंधा हाती आला, तर आधी त्याची पुढची कड पाहावी. बीचच्या लाकडाचा साडेनऊ इंच लांबीचा ठोकळा. कडेवर बनवणाऱ्याचा शिक्का असतो आणि त्याच्या आजूबाजूला, कधी तिरपी तर कधी उलटीसुद्धा, आणखी नावं ठोकलेली असतात. रंधा ज्याच्या हाती गेला, त्यानं आपलं नाव उमटवलं. आधीचं मात्र कुणी खोडलं नाही. आपल्याकडे खंडेनवमीला सुतार रंधा-पटाशीपुढे हात जोडतो. तिकडे पूजा नसेल, पण या शिक्क्यांतला आदर मला त्याच जातीचा वाटतो.

हे रंधे तिथे रोजच्या कामाला लागतात. अठराव्या शतकातल्या कपाटाच्या माथ्यावरची पट्टी वीतभर तुटली आहे असं समजा. ती मुळात हातरंध्यानं काढलेली, त्यामुळे तिचं वळण आजच्या यंत्राच्या तयार कटरशी तंतोतंत जुळत नाही. शिवाय फिरत्या कटरच्या बारीक लाटा लाकडावर राहतात आणि तिरप्या उजेडात त्या लगेच दिसतात. आत वळणारे आणि बाहेर फुगणारे अशा रंध्यांच्या पूर्ण संचात अठरा जोड्या असत. त्यातले चार-सहा रंधे हाताशी असले, तरी कारागीर जवळपास कुठलंही जुनं वळण उभं करतो. वीतभर पट्टीसाठी नवा कटर घडवून घेण्यापेक्षा आजोबांचा रंधा केव्हाही लवकर काम करतो.

जुन्या पटाश्यांवर ‘कास्ट स्टील’ असा शिक्का दिसतो. १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समननं शेफील्डला मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली, त्या पोलादाची ही खूण. धार लावून लावून पटाशी आखूड होत जाते. अशी बोटभर उरलेली पटाशी ड्रॉवरच्या आतल्या कोपऱ्यात मात्र छान फिरते.

रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात बेंजामिन सीटनची हत्यारपेटी आहे. १७९६ साली त्याच्या वडिलांनी लंडनच्या ख्रिस्तोफर गॅब्रिएलकडून हत्यारं घेऊन दिली. मुलानं त्या हत्यारांसाठी पेटी बनवली आणि किमतींसह यादीही लिहून ठेवली. हत्यारं फारशी वापरलीच गेली नाहीत, म्हणून आज ती जवळजवळ नवी दिसतात. अभ्यासकांसाठी ते मोठंच घबाड आहे, पण मला मूठ काळवंडलेला रंधा अधिक मोलाचा वाटतो.

या कारखान्यांतली सरसाची किटलीही वारशानं येते. ती दुहेरी असते: बाहेर पाणी, आत सरस, म्हणजे तो करपत नाही. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला हा सरस ऊब आणि ओल मिळाली की सुटतो. आजोबांनी जोडलेला खुर्चीचा सांधा नातवाला लाकूड न फोडता उघडता येतो, तो यामुळेच. आधुनिक डिंकानं घट्ट केलेला सांधा उघडताना बहुधा लाकूडच फाटतं. अशी दुरुस्ती पुढच्या कारागिरावर अन्याय करणारी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हत्यारांचीही दुरुस्ती करावी लागते. रंध्याच्या तळाची जी कड जास्त घासते, तिथे बॉक्सवुडची कठीण पट्टी बसवलेली असते. ती झिजली की काढून नवी बसवतात, तीही सरसानंच. मग पात्याचं वळण तळाशी जुळवून घेतात आणि टाकाऊ लाकडावर एक पट्टी काढून ती मूळ तुकड्याशेजारी धरून पाहतात.