रंगाकडून रेषेकडे : शंकरराव किर्लोस्कर

वर्तमानपत्र हातीं पडतांच अग्रलेख बाजूस सारून प्रथम व्यंगचित्राकडे धांव घेणारे तुमच्यांत पुष्कळ असतील. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मीही तेंच करितों. अमेरिकेंत ही कला पत्रमालकांच्या चुरशींतून वाढली. न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रांत औटकॉल्ट नांवाचा चित्रकार पिवळ्या झग्यांतील एका पोराचीं चित्रें काढीत असे. तीं इतकीं लोकप्रिय झालीं कीं, १८९६ सालीं हर्स्ट या प्रतिस्पर्धी पत्रमालकानें त्या चित्रकारासच आपल्याकडे ओढून नेलें. आपल्या मुलुखांत मात्र या कलेचें एक बीज रुजलें तें कोणा वर्तमानपत्राच्या कचेरींत नव्हे, तर नांगरांच्या कारखान्यांत.

कुंडल रोड या जुन्या स्टेशनाजवळची किर्लोस्करवाडी १९१० सालीं वसली, तेव्हां ती औंध संस्थानांत मोडत असे. पुढें १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० सालीं त्याचेंच नांव सांगली झालें. कारखान्यासाठीं माळजमीन देणारे औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार होते. जमीन घेणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हेही तरुणपणीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकण्यास गेले होते; पण कांहीं रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस उमगेना, म्हणून रंग सोडून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले.

शंकर वासुदेव किर्लोस्कर हे या लक्ष्मणरावांचे पुतणे. त्यांचा जन्म १८९१ सालीं सोलापुरास झाला. चित्रकलेची ओढ त्यांना थेट लाहोरास घेऊन गेली व तेथें पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या हाताखालीं ते ही विद्या शिकले. हेच सातवळेकर पुढें औंधास येऊन राहिले आणि वेदांचे भाष्यकार म्हणून प्रसिद्धि पावले. सोलापूरच्या मुलानें चित्रें शिकण्यास लाहोरास जावें, ही गोष्ट आज कल्पनेंतही येत नाहीं. त्या काळीं तो केवळ आगगाडीचा लांबचा प्रवास होता.

एवढें शिकून आलेला हा तरुण वाडीस आला आणि जाहिरातीच्या कामास लागला. हें काम हलकें नव्हतें. लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें लक्ष्मणरावांचा पहिला नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं होतीं. १९२० सालीं कारखान्याचें माहितीपत्र म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली. शंकरराव तिचे संपादक झाले व चित्रकारही तेच. पुढें ‘खबर’ हा शब्द गळून ‘किर्लोस्कर’ मासिक झालें. १९३० सालीं ‘स्त्री’ व १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं मासिकें त्यास येऊन मिळालीं.

छापखान्यास चित्रकाराकडून काय हवें असे, हें येथें सांगितलें पाहिजे. तैलचित्रांतील कोमल छटा साध्या ठशानें छापतां येत नाहीं. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनें चित्र काढावयाचें, त्याचा फोटो घ्यावयाचा व तो मसाला लावलेल्या जस्ताच्या पत्र्यावर उतरवावयाचा. मग तेजाबानें मोकळी जागा खाल्ली जाते आणि रेषा तेवढ्या उंच राहतात. असा पत्रा लांकडावर ठोकला म्हणजे खिळ्यांबरोबर एकाच दाबांत छापतां येतो. अर्थात् रेषा असेल तरच चित्र उमटणार! काकांनीं डोळ्यांच्या दोषानें रंग सोडला. पुतण्यास तो ठशापायीं सोडावा लागला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

शंकररावांच्या चित्रसंग्रहाचें नांव ‘टाकांच्या फेकी’ असें आहे. टाक म्हणजे लिहिण्याची लेखणी, आणि फेक म्हणजे तिचा सपाटा. पण फेकलेली वस्तु कोणास तरी लागते, हेंही त्या नांवांत आलेंच. रूढि, अंधश्रद्धा, बुवाबाजी हीं त्यांचीं लक्ष्यें होत. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्या गिऱ्हाइकास नांगर विकावयाचा, त्याच्याच घरांतील चालीरीतींस हंसावयाचें, हें व्यापाऱ्याच्या हिशेबांत बसणारें नव्हे. व्यापारावर ग्रंथ लिहिणाऱ्या या मनुष्यास तें कळत नव्हतें असें नाहीं. कधीं कधीं त्यांच्या चित्रांत उपदेश हंसण्याच्या पुढें धांवतो, असें मला वाटतें. पण त्यांच्या टाकानें गिऱ्हाइकाची भीड धरली नाहीं.

‘शंवाकि’ या आद्याक्षरांनीं ते ओळखले जात. म्हणून आत्मचरित्रासही त्यांनीं ‘शंवाकीय’ हेंच नांव दिलें. १९७५ सालीं ते वारले. त्यांच्या मासिकांचे जुने अंक एखाद्या ग्रंथालयांत हातीं आल्यास त्यांतील एखादें रेषाचित्र भिंगाखालीं धरून पाहा. दुरून जी सांवली वाटते, तेथें जवळजवळ ओढलेल्या बारीक रेघोट्या दिसतील.