चौपन्न रुपये आणि एक विजेरी

विजेरीला आमच्या घरात अजूनही ‘बॅटरी’च म्हणतात. रात्री उठायचे तर सौ.च्या उशाशी ती हवीच. गेल्या मे महिन्यात सुट्टीला आलेल्या चौदा वर्षांच्या नातवाने जाहीर केले, ‘‘आजी, तुझी बॅटरी मी बनवणार. एलईडीची!’’

अॅल्युमिनियमची नळी, विजेच्या प्रवाहाला लगाम घालणारा ड्रायव्हर, एलईडीचा दिवा आणि १८६५० या आकड्याने ओळखला जाणारा लिथियम सेल (व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५) असा ऐवज जमला. तारा त्याने जोडल्या. डाख द्यायचे काम मात्र मी ऐटीत माझ्याकडे घेतले.

बटण दाबले. उजेड पडेना, उलट नळी तापू लागली.

‘‘आधी सेल काढ!’’ मी ओरडलो. लिथियम सेलचे शॉर्टसर्किट म्हणजे आगीशी खेळ. सेल बाहेर येताच मी निकालही देऊन टाकला, ‘‘तू दिव्याच्या तारा उलट्या जोडल्यास.’’

पण दिव्याच्या तारा उलट झाल्या, तर एलईडी नुसता गप्प बसतो. नळी तापत नाही. तापली, याचा अर्थ विजेला आडवाट सापडली होती.

सेल बाहेरच ठेवून नातवाने मल्टिमीटर घेतला. दिव्याकडे जाणारी धन तार आणि नळी यांना त्याची टोके लावताच ‘टींऽऽ’ वाजले. दिव्याच्या दोन्ही तारा सोडवल्या, आवाज थांबला. म्हणजे दोष दिव्याच्या बाजूला. दिव्याचे धन टोक आणि तो ज्या धातूच्या चकतीवर बसतो ती चकती यांना टोके लावली, पुन्हा ‘टींऽऽ’! भिंगातून पाहिले, तर कथलाचा थेंब ओघळून चकतीच्या कडेला टेकला होता. चकती नळीला चिकटलेली, आणि नळी सेलच्या ऋण टोकाला जोडलेली.

‘‘आजोबा, डाख तुम्ही दिला होता ना?’’ नातू हळूच म्हणाला.

मला १९८७ साल आठवले. बँकेत ताळा जुळत नव्हता. फरक ५४ रुपयांचा. फरकाला नऊने भाग गेला, की आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हे आम्ही सारेच जाणत होतो. तरी मी नव्या कारकुनाला रात्रीपर्यंत बसवून ठेवले, चारचौघांत नको ते बोललो. अखेर चूक सापडली. ९३ च्या जागी ३९ लिहिले होते. अक्षर माझे होते! त्याची माफी मागायचे धैर्य झाले नाही. पुढे त्याची बदली झाली, आणि ते राहूनच गेले.

‘‘चुकलो रे बाबा,’’ मी नातवाला म्हणालो.

थेंब काढला, मोजकाच डाख दिला. मीटर गप्प राहिला, तेव्हाच सेल आत घातला. लख्ख उजेड पडला. सौ.ने पहिला झोत माझ्या तोंडावरच टाकला.

‘‘बघू तरी,’’ ती म्हणाली, ‘‘चूक कबूल करताना हे दिसतात कसे!’’