शिकारी कुत्र्याची न्याहारी आदल्या रात्री

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात फेझंट पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम आज सुरू होतो. फेझंट हा आपल्या मोराच्या आणि रानकोंबड्याच्या कुळातला. गाडीत बसायला उतावीळ झालेला पॉइंटर कुत्रा मालकाच्या पायात घोटाळतो आहे. त्याच्या भांड्यात मात्र नुसते पाणी. दिवसभर उंच गवत तुडवणाऱ्या जनावराला उपाशी का न्यायचे?

उत्तर त्याच्या स्नायूंत आहे. मॅरेथॉन धावणारा माणूस आधी भात-पास्ता खाऊन स्नायूंत ग्लायकोजेन साठवतो. कुत्रा तासन्‌तास बेताच्या वेगाने धावतो तेव्हा मुख्यतः चरबी जाळतो, आणि त्यात तो माणसापेक्षा कितीतरी तरबेज आहे. एक ग्रॅम पिष्टातून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, चरबीतून ९. अलास्कातल्या सुमारे १,६०० किलोमीटरच्या इडिटारॉड शर्यतीत घसरगाडी ओढणारा कुत्रा दिवसाला १०,००० च्या आसपास किलोकॅलरी खातो. स्निग्ध खाण्याशिवाय एवढे इंधन त्याच्या पोटात मावणारच नाही. अर्ध्या मिनिटात शर्यत संपवणाऱ्या ग्रेहाउंडची गोष्ट वेगळी. त्याची भिस्त ग्लायकोजेनवर.

सकाळी पोटभर खाऊ घातले की रक्तात इन्सुलिन वाढते आणि चरबीच्या कोठाराला कुलूप लागते. शिवाय भरल्या पोटाचे ओझे. खोल छातीच्या जातींत कधी जठर फुगून त्याला पीळ पडतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. जेवून लगेच धावणे हे त्याचे एक कारण असू शकते, म्हणून पशुवैद्य ते टाळायला सांगतात.

म्हणूनच जाणते श्वानपालक पूर्ण जेवण आदल्या संध्याकाळी देतात. सकाळी द्यायचेच तर थोडे, तेही निदान चार तास आधी. दमल्यावर काही कुत्र्यांची रक्तशर्करा घसरते, पाय लटपटतात. त्यांना मधल्या विश्रांतीत चार घास. पाणी मात्र वरचेवर हवे. कुत्रा अंग निववतो ते धापा टाकून, आणि तोंड उघडून धापा टाकणाऱ्याला नीट हुंगता येत नाही. पक्षी तर नाकानेच शोधायचा असतो!

स्निग्ध आहाराची सवयही हंगामाच्या काही आठवडे आधीपासून लावावी लागते. चरबी जाळणारी यंत्रणा स्नायूंत हळूहळू वाढते. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि पुढे शिकारीवर बंदी आली. पण घरोघरी दिसणारा लॅब्रॅडोर मुळात बंदुकीने पाडलेले पक्षी उचलून आणणाराच. रविवारी गड चढायला निघताना त्याला मायेने दूध-पोळी भरवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

तिकडे डकोटात सूर्य कलतो. पॉइंटरची धाप ओसरू दिली जाते, मग भांडे काठोकाठ भरते. उद्या पुन्हा रानात जायचे आहे. न्याहारी आत्ताच उरकायला हवी.