मुळांचा गारवा

वैशाखातील भर दुपारी शेतातील झाडाची पाने उन्हात होरपळत असतात. परंतु त्याच वेळी त्याची मुळे मात्र भूमीच्या पोटात सुखाने विसावलेली असतात. जमिनीचा पृष्ठभाग पाय भाजण्याइतका तापला, तरी हातभर खोलीवर त्या उन्हाची धग फारशी पोहोचत नाही. माती झाडाला आधार देते, अन्न देते, पाणी देते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण ती मुळांवर सावलीही धरते, हा तिचा चौथा उपकार सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो ध्यानात येतो, माती दूर केल्यावर.

मातीवाचून झाडे वाढविण्याची विद्या नवी नाही. झाडाला लागणारे क्षार पाण्यात विरघळवून दिले, तर ते मातीशिवायही वाढते, हे जर्मन शास्त्रज्ञ युल्युस फॉन झाक्स यांनी १८६० च्या सुमारास दाखवून दिले. पुढे अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम गेरिक यांनी याच रीतीने टोमॅटोचे मोठे पीक काढले आणि १९३७ साली या पद्धतीस ‘हायड्रोपॉनिक्स’ हे नाव रूढ केले. भारतात शोल्टो डग्लस यांनी १९४६ पासून बंगालमध्ये तिचे प्रयोग केले. आज शहरांतील गच्च्यांवरही पालक, कोथिंबीर, लेट्यूस अशा भाज्या या पद्धतीने पिकविल्या जातात. एका टाकीत क्षारांचे द्रावण असते. लहानसा पंप ते नळ्यांतून खेळवितो आणि मुळांना स्पर्श करून ते पुन्हा टाकीत परत येते.

या व्यवस्थेत पाण्याची बचत होते, जागा थोडी लागते. परंतु एक मोठे संकट दबा धरून बसलेले असते. ते म्हणजे टाकीतील पाणी तापण्याचे. बहुतेक भाज्यांच्या मुळांना १८ ते २२ अंश सेल्सिअस इतके तापमान मानवते. गच्चीवर उघड्या उन्हात ठेवलेल्या टाकीतील पाणी मात्र दुपारी सहज त्याच्या पलीकडे जाते.

पाणी तापल्याने मुळांचे काय बिघडते? मुळेही श्वसन करतात आणि त्यासाठी त्यांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. पाणी जितके गरम, तितका प्राणवायू त्यात कमी राहतो. समुद्रसपाटीला २० अंशांवर एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमच मावतो. उलटपक्षी, उष्णता वाढली की मुळांचे श्वसन अधिक वेगाने होऊ लागते. म्हणजे गरज वाढते आणि नेमका त्याच वेळी पुरवठा घटतो. अशा गुदमरलेल्या मुळांवर पिथियम नावाचा बुरशीसारखा सूक्ष्म जीव हल्ला चढवितो. पांढरीशुभ्र मुळे तपकिरी व बुळबुळीत होतात आणि टाकी पाण्याने भरलेली असूनही झाडे तहानेने व्याकूळ झाल्यासारखी माना टाकतात. सर्व झाडांना एकच पाणी मिळत असल्यामुळे रोगही सर्वत्र पसरतो आणि महिन्याभराचे कष्ट थोड्या दिवसांत वाया जातात.

पाणी थंड करणारी ‘चिलर’ नावाची यंत्रे बाजारात मिळतात. पण लहान बागाइताला त्यांची किंमत आणि विजेचा खर्च झेपत नाही. मात्र उष्णतेचे नियम ज्याला समजले, त्याला यंत्रावाचूनही पुष्कळ साधते.

पहिला नियम असा, की आत आलेली उष्णता बाहेर काढण्यापेक्षा ती आत येऊच न देणे अधिक स्वस्त असते. म्हणून टाकी भिंतीच्या सावलीत ठेवावी. काळ्या पिंपाला बाहेरून पांढरा रंग द्यावा; कारण काळा रंग ऊन शोषतो, तर पांढरा ते परतवून लावतो. टाकीभोवती व नळ्यांभोवती थर्मोकोलचे किंवा गोणपाटाचे आवरण घालावे आणि टाकीवर घट्ट झाकण ठेवावे. झाकणाने प्रकाशही अडतो व शेवाळ वाढत नाही. नळ्यांकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. वास्तविक त्यांतून पाण्याचा पातळ प्रवाह वाहत असल्यामुळे पाणी तेथेच लवकर तापते. शिवाय टाकी शक्यतो मोठी घ्यावी. घागरभर पाणी लवकर तापते, हौदभर पाण्याला वेळ लागतो. अंगण असेल, तर टाकी जमिनीत पुरणे उत्तम. मीटरभर खोलीवर दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील फरक जवळजवळ जाणवतच नाही.

दुसरा नियम आपल्या घरातील माठ शिकवितो. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना उष्णता बरोबर घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. टाकीला गोणपाट गुंडाळून ते सतत ओले ठेवले आणि त्यास वारा लागू दिला, तर टाकीही माठासारखीच निवते. अर्थात येथे थर्मोकोलचे आवरण काढून ठेवावे लागते. नाही तर बाहेरचा गारवा आत पोहोचणार नाही. क्षारांचे द्रावण प्रत्यक्ष माठात मात्र भरू नये. पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेले क्षार माठाची छिद्रे बुजवितात. हा उपाय कोरड्या हवेत फार गुणकारी ठरतो. विदर्भातील मे महिन्यात त्याचा जो लाभ होतो, तो कोकणातील दमट हवेत होत नाही. कारण आधीच बाष्पाने भरलेल्या हवेत पाणी सावकाश उडते.

जेथे हवा दमट आहे, तेथे बर्फाचा आश्रय घ्यावा. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो. चाळीस लिटर पाण्याचे तापमान ३० अंश असताना त्यात एक किलो बर्फाची बंद बाटली सोडली, तर ते सुमारे पावणेतीन अंशांनी उतरते. बर्फ उघडा टाकू नये. त्याने द्रावण पातळ होते. बाटलीही काठोकाठ भरू नये, कारण गोठताना पाणी फुगते. दुपारी एकदम पुष्कळ बाटल्या सोडण्यापेक्षा सकाळपासून थोड्या थोड्या अंतराने त्या बदलत गेल्यास मुळांना अकस्मात धक्का बसत नाही.

एवढे करूनही पाणी कोमटच राहिले, तर निदान त्यातील प्राणवायू कमी पडू देऊ नये. मत्स्यपेटीत वापरतात तसला हवेचा छोटा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा; मात्र तो सावलीत ठेवावा, म्हणजे तो तापलेली हवा पाण्यात सोडणार नाही. टाकीत एक तापमापक टांगून सकाळी व दुपारी त्याची नोंद करावी. कोणता उपाय कितपत लागू पडला, हे त्या नोंदीवरूनच कळते.

मुळे थंड राखल्याचे फळ किती मोठे असते, हे सिंगापूरच्या उदाहरणावरून दिसते. तेथील हवा बाराही महिने उष्ण व दमट असते. तरीही १९९० च्या दशकात ली सिंग काँग आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे थंड प्रदेशातील लेट्यूस वाढवून दाखविले. त्यांची मुळे हवेत लोंबत ठेवून त्यांवर थंड द्रावणाचे तुषार उडविले जात. पाने उष्ण हवेतच होती. गारवा दिला होता तो केवळ मुळांना!

झाडाची सगळी हवा थंड करणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे; पण त्याच्या मुळांपुरता गारवा निर्माण करणे अशक्य नाही. पांढरा रंग, ओले गोणपाट आणि बर्फाची बाटली ही साधने अगदी सामान्य आहेत. जे काम माती न बोलता करीत होती, ते माती दूर केल्यावर माणसाने जाणून-समजून केले पाहिजे, एवढेच ती सांगतात.