‘राग आलाय, की वाईट वाटतंय?’ : चार भाषांत वाढणाऱ्या लेकरांना खेळातून भावना कशा सांगता येतील?

अंबरपेठ (हैदराबाद) : अंबरपेठ, काचीगुडा, बरकतपुरा या भागांतल्या मराठी घरातलं चार वर्षांचं मूल दिवसभरात चार भाषा ऐकतं. घरात मराठी, शेजारी तेलुगू, गल्लीत आणि ऑटोत दखनी हिंदी, शाळेत इंग्रजी. आपल्याला त्याचं कौतुक वाटतं, आणि ते योग्यच आहे. पण शाळेत कुणी ढकललं, डबा सांडला, किंवा बाईंनी दुसऱ्याचंच चित्र भिंतीवर लावलं, तर आपल्याला नेमकं काय वाटलं हे ते मूल कोणत्या भाषेत सांगणार?

शाळेत बहुधा तीन शब्द मिळतात : हॅपी, सॅड, अँग्री. त्यात सगळं बसत नाही. मग मूल ढकलतं, चावतं, नाहीतर गप्प होतं. आणि डायरीत शेरा येतो, ‘हट्टी आहे’ किंवा ‘मिसळत नाही’. बेळगाव-निपाणीत कन्नड, बीदरमध्ये कन्नड-हिंदी, निजामाबाद-आदिलाबादेत तेलुगू. सीमेवरच्या बहुतेक मराठी घरांत चित्र साधारण हेच आहे.

शब्द आपल्या घरातच आहेत

भावनांच्या बाबतीत मराठी भलतीच श्रीमंत आहे. रागावणं वेगळं, रुसणं वेगळं, फुगून बसणं वेगळं. हिरमुसणं म्हणजे आशा लावून ठेवली आणि मोडली. हेवा म्हणजे त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. रुसवा तर फक्त आपल्या माणसावरच येतो, आणि कुणीतरी येऊन समजूत काढेल ही अपेक्षा त्यात धरलेली असते. तेलुगूतला ‘अलक’ हा शब्द याच्या अगदी जवळचा. म्हणजे शेजारच्या आजीलाही हे कळतं!

शब्द सापडला की भावना थोडी आवाक्यात येते, असं संशोधनही सांगतं. अमेरिकेतील मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या माणसांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या भावनेला नाव दिलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. भीती आणि धोक्याची जाणीव याच्याशी हा भाग जोडलेला आहे. अभ्यास मोठ्यांचा होता हे खरं, पण ‘तुला धास्ती वाटतेय का?’ असं जवळ घेऊन विचारल्यावर शांत होणारं मूल आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

मग खेळच का?

कारण तीन-चार वर्षांच्या मुलाला समोर बसवून ‘काय झालं, सांग’ म्हटलं की उत्तर येतं, ‘काही नाही.’ तेच मूल बाहुलीला मात्र सगळं सांगतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी 1930 च्या दशकात हेच मांडलं होतं : खेळात मूल आपल्या वयापेक्षा मोठं होऊन वागतं. पेशंट होऊन ते रडतं, पण रडण्याचा ताबा त्याच्याच हातात असतो.

यासाठी महाग खेळणी लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालवाडी सुरू केली आणि पुढे कोसबादला काम नेलं, तेव्हा त्यांनी महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या साध्या वस्तूच वापरल्या. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही 3 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिकणं आणि घरची भाषा, या दोन्हींवर भर आहे.

घरात करता येतील असे पाच खेळ

1. शिवाजी म्हणतो. खेळ जुनाच, आज्ञा नव्या. ‘शिवाजी म्हणतो, रुसा!’ ‘शिवाजी म्हणतो, घाबरा!’ ‘शिवाजी म्हणतो, लाजा!’ मुलाला राज्य घेऊ द्या आणि आई-बाबांनी चेहरे करावेत. मोठ्यांचा रुसलेला चेहरा पाहून मुलं खदखदून हसतात, आणि हसता हसता रुसणं आणि रागावणं यातला फरक शिकतात.

2. बाहुली का रुसली? बाहुली, टेडी, काहीच नसेल तर उशी घ्या. ‘चिंगी आज जेवत नाही. काय झालं असेल गं तिला?’ एवढंच विचारा आणि थांबा. मूल जे सांगेल ते पुष्कळदा त्याचं स्वतःचं असतं. लगेच ‘म्हणजे तुझंच असं झालं ना?’ म्हणून पकडू नका. चिंगीचीच समजूत काढा.

3. पोटात गोळा कुठे येतो? गच्चीवर किंवा अंगणात मुलाला झोपवून खडूने त्याच्याभोवती रेघ ओढा. मग विचारा, भीती वाटली की कुठे कळतं? राग आला की कुठे गरम होतं? पोटात गोळा, छातीत धडधड, अंगावर काटा, डोळे भरून येणं, तोंड एवढंसं होणं. आपली भाषा भावना अंगातच दाखवते. शब्द येण्याआधी अंग सांगतं, हे मुलाला कळलं की ते वेळीच ‘आई, धडधडतंय’ म्हणू शकतं.

4. भातुकली, पण मालक मूल. भातुकलीत मूल आई होतं, बाई होतं, डॉक्टर होतं. ते बाहुलीवर ओरडलं तर ‘असं बोलतात का?’ म्हणून खेळ थांबवू नका. आपण त्यात एक पात्र व्हा : ‘बाई, मला रडू येतंय, मी काय करू?’ उपाय ते स्वतः शोधतं.

5. खिरापत ओळखा. नवरात्रात तेलंगणात बतुकम्मा असते, त्याच सुमारास आपल्याकडे भोंडला. भोंडल्यात डबा हलवून खिरापत ओळखायची असते. वाट पाहणं, चुकल्यावर हिरमुसणं, पुन्हा अंदाज करणं, दुसऱ्याने ओळखल्यावर टाळी वाजवणं, हे सगळं त्यात येतं. एरवीही डब्यात चुरमुरे घालून हा खेळ होतो. शेजारच्या मुलांना बोलवा आणि तेलुगू शब्दही येऊ द्या. एक भाषा आली म्हणून दुसरी जात नाही.

दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुरे. पण त्या वेळात मोबाइल बाजूला.

हे मात्र टाळा

मूल आक्रोश करत असताना खेळ सुरू करू नका. आधी जवळ घ्या, शांत होऊ द्या, खेळ नंतर. पाहुण्यांसमोर ‘रागाचा चेहरा करून दाखव’ असा कार्यक्रम नको. ‘मुलगा असून रडतोस?’ हे तर नकोच. रडणाऱ्या मुलग्याला गप्प केलं की त्याच्याकडे उरतो फक्त राग. आणि एक रेघ स्पष्ट ठेवा : राग आला तर चालेल, मारलेलं चालणार नाही.

घाईही नको. आनंद, दुःख, राग मुलं लवकर ओळखतात. ‘आनंदही वाटतोय आणि भीतीही’ अशा मिश्र भावना कळायला शाळेचं वय यावं लागतं.

मदत कधी घ्यावी?

नव्या भाषेच्या शाळेत काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहणं नेहमीचं आहे. पण घरीही बोलणं कमी झालं, येत असलेले शब्द गेले, हाकेला प्रतिसाद नाही, किंवा महिनोन्‌महिने शाळेत तोंडच उघडत नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मुलाच्या वाढीविषयी शंका असेल तर सिकंदराबादच्या मनोविकासनगरमध्ये बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. खेळात मूल मारहाणीचा किंवा नकोशा स्पर्शाचा तोच प्रसंग पुन्हा पुन्हा आणत असेल, तर उलटतपासणी करू नका. शांतपणे ऐका, त्याच्यावर विश्वास ठेवा आणि 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर बोला.

आणखी एक सोपं काम. तुमचं मूल घरी वापरतं ते चार-पाच शब्द एका चिठ्ठीवर लिहून वर्गातल्या बाईंना द्या. रुसलो, भीती वाटते, दुखतंय, नको, आई हवी. समोर त्यांचा तेलुगू किंवा इंग्रजी अर्थ लिहा. बाई मराठी नसल्या तरी मूल काय म्हणतंय ते त्यांना कळेल, आणि पुढचा शेरा ‘हट्टी आहे’ असा येण्याआधी एकदा विचारलं जाईल.